गिऱ्हाईक खोटं वागतंय? पुरवठ्याचा करार मोडण्याआधी आणि मोडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांचे, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांचे, करार बघणं हे माझं रोजचं काम. करार बहुतेक एकाच घडणीचे असतात. तीन किंवा पाच वर्षांचा पुरवठ्याचा करार, त्याखाली ओपन पीओ (नगसंख्या न बांधलेली खरेदी ऑर्डर), दर महिन्याला शेड्यूल (त्या महिन्यात किती माल हवा ते), आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) व स्क्रॅपच्या भावाशी बांधलेलं दराचं सूत्र. सही करताना मालक खुशीत असतो, कारण पुढची काही वर्षं भट्टी भरलेली दिसते. माझ्याकडे येतो तेव्हा तोच माणूस पार वैतागलेला असतो. "मॅडम, हे गिऱ्हाईक नुसतं फसवतंय. उद्या नोटीस काढा, परवापासून माल बंद."

त्याचा राग खरा असतो. पण परवापासून माल बंद केला आणि कारण कायद्यात बसलं नाही, तर करार मोडणारे तुम्ही ठरता. मग समोरच्याची असेंब्ली लाईन थांबल्याचा खर्च, दुसरीकडून चढ्या दराने घेतलेल्या मालातला फरक, सगळं तुमच्या नावावर लागतं. ज्याने आधी खोटेपणा केला तो फिर्यादी होतो आणि ज्याचे पैसे अडकले तो आरोपीच्या जागी उभा राहतो. हे मी होताना पाहिलंय, आणि ते टाळता येतं.

वाचणारे बहुतेक माल पुरवणारे असतील असं धरलंय. माल घेणाऱ्यांच्या उपयोगाचंही मधे थोडं आहे.

बदनियतीचं कलम शोधत बसू नका

आपला करार कायदा १८७२चा. करारातल्या दोघांनी एकमेकांशी सद्भावनेने वागलंच पाहिजे, असं सरसकट बंधन घालणारं एकही कलम त्यात नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये सद्भावनेची व्याख्या आहे: प्रामाणिकपणे केलेली गोष्ट, मग ती निष्काळजीपणे केलेली का असेना. म्हणजे समोरचा गचाळ कारभार करतो, बिलं हरवतो, तीनदा फोन केल्याशिवाय जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करत नाही, एवढ्यावर तो बदनियत ठरत नाही.

म्हणून नोटिशीत "आपण अत्यंत कपटी व बेइमान वृत्तीने" अशा ओळी लिहायचा मोह आवरा. त्या वाचून न्यायाधीश किंवा लवाद काहीच ठरवू शकत नाही. कृत्यं लिहा, तारखा लिहा, नगसंख्या लिहा. नियत ओळखायची ती त्यातूनच. मात्र नियतीला किंमत नाही असंही नाही. तोच करारभंग चुकून झाला असेल तर नुकसानभरपाईवर भागतं, आणि ठरवून केला असेल तर सगळा करार मोडायचा हक्क मिळू शकतो. तो फरक कसा पडतो ते पुढे येईलच.

कायद्यात खोटेपणाला पकडणाऱ्या तीन जागा आहेत. पहिली करार होतानाची. पाळायचा हेतू नसताना दिलेलं वचन म्हणजे फसवणूक, हे कलम १७मध्ये स्पष्ट लिहिलंय. महिन्याला अमुक टन उचलतो असं सांगून तुम्हाला नवी मोल्डिंग लाईन टाकायला लावली, आणि तेव्हाच तो पार्ट बंद करायचं त्यांच्यात ठरलं होतं, हे कागदाने दाखवता आलं तर कलम १९खाली करार रद्द करायचा पर्याय तुमच्याकडे येतो. दाखवणं अवघड असतं, कारण तो कागद त्यांच्या कपाटात असतो. पण दर ठरवतानाचे ईमेल, व्हॉल्यूमचा अंदाज असलेली एक्सेल शीट, भेटीनंतर आलेलं मिनिट्स ऑफ मीटिंग जपून ठेवलेलं असलं तर सुरुवात होते.

दुसरी जागा कलम ५३. एकाने दुसऱ्याला त्याचं काम करू दिलं नाही, तर अडवलेल्याला करार मोडायचा पर्याय मिळतो आणि नुकसानही मागता येतं. फौंड्रीत हे फार होतं आणि या कलमाकडे फार कमी लोक बघतात. सुधारलेलं ड्रॉइंग मंजूर करून द्यायचं नाही, दुरुस्तीला नेलेला पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) परत पाठवायचा नाही, सँपलचा तपासणी अहवाल दाबून ठेवायचा, आणि महिनाअखेरीला "डिलिव्हरी फेल" म्हणून दंड लावायचा. असं चाललं असेल तर पॅटर्न केव्हा गेला, केव्हा मागितला, काय उत्तर आलं याची एक पानभर यादी करा. ती यादी म्हणजे तुमची निम्मी केस.

तिसरी जागा कलम ३९, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

सातव्या रात्रीचं गाणं

कलम ३९ सांगतं की एका पक्षाने आपलं वचन पाळायला सपशेल नकार दिला, किंवा ते पाळता येणार नाही अशी स्वतःची अवस्था करून घेतली, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. पण पुढे एक अट आहे: त्याने शब्दाने किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दिलेली नसावी.

कायद्यातच एक उदाहरण दिलंय. एक गायिका दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री, एका नाट्यगृहात गायचं कबूल करते. रात्रीला १०० रुपये. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही. व्यवस्थापकाला करार संपवायची मोकळीक आहे. पण त्याच्याच संमतीने ती सातव्या रात्री गायली, तर त्याने करार चालू ठेवला असं झालं. आता तो करार मोडू शकत नाही. सहाव्या रात्रीचं नुकसान तेवढं मागू शकतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ फायलींचं मर्म या सातव्या रात्रीत असतं. गिऱ्हाइकाने मार्चमध्ये न सांगता दर कापला. तुम्ही फोनवर भांडलात. एप्रिलचं शेड्यूल आलं, तुम्ही माल पाठवला. मे, जून, जुलै पाठवलात. दिवाळीनंतर तुम्ही म्हणता की मार्चमध्ये करारभंग झाला म्हणून करार रद्द. समोरचा वकील सगळी चलनं टेबलावर ठेवतो आणि विचारतो, मग आठ महिने काय करत होता?

फोनवरचं भांडण कुठे नोंदलेलं नसतं. चलन नोंदलेलं असतं.

यातून वाट आहे. माल थांबवणं परवडत नसेल तर माल पाठवा, पण गप्प राहून पाठवू नका. पहिल्याच चुकीच्या डेबिट नोटला (गिऱ्हाइकाने पैसे कापल्याचा कागद) किंवा दरकपातीला लेखी हरकत घ्या आणि त्यातच लिहा की यापुढचा माल आपण हक्क राखून पाठवत आहोत. मी साधारण असा मजकूर देते (हीट म्हणजे भट्टीतली एक ओत, हीट कोड म्हणजे तिचा नंबर):

"आपल्या दिनांक अमुकच्या डेबिट नोटमधील रिजेक्शन आम्हास मान्य नाही. रिजेक्ट ठरवलेल्या प्रत्येक नगाचा हीट कोड, तपासणीची तारीख व जागा कळवावी. सदर माल पाहण्यासाठी व उचलून नेण्यासाठी आमचा माणूस केव्हा पाठवावा, ते सात दिवसांत कळवावे. दरम्यान पाठवत असलेला माल आमचे सर्व हक्क राखून पाठवत आहोत. त्यावरून आम्ही आधीचा करारभंग सोडून दिला असा अर्थ काढू नये."

हे पत्र एकदा पाठवून कपाटात ठेवायचं नाही. पुढची प्रत्येक खोटी डेबिट नोट आली की त्या डेबिट नोटचा नंबर घालून दोन ओळी पुन्हा पाठवायच्या. मुलगा, सून, अकाउंटंट, कोणीही ईमेल करू शकतो. मात्र वर्षभर नुसती हरकत नोंदवत राहिलात आणि काहीच केलं नाहीत, तर त्या हरकतीचाही दम जातो. दोन-तीन महिन्यांत पुढचं पाऊल टाकायला हवं.

एक हप्ता बिघडला म्हणजे सगळा करार मोडला का?

दर महिन्याला माल आणि दर महिन्याला पैसे, अशा करारांसाठी १९३०च्या माल विक्री कायद्यात, म्हणजे सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये, कलम ३८ आहे. एखाद्या हप्त्याचा माल खराब आला, आला नाही, किंवा एखाद्या हप्त्याचे पैसे दिले नाहीत, तर तो सगळ्या कराराला नकार आहे की त्या हप्त्यापुरता भंग आहे, हे कराराच्या अटी आणि परिस्थिती पाहून ठरवायचं, असं ते म्हणतं. आपला हा कायदा इंग्लंडच्या १८९३च्या कायद्यावर बेतलेला असल्यामुळे जुने इंग्लिश निकाल इथे अजून वाटाड्याचं काम करतात. त्यातल्या दोन जोड्या मी प्रत्येक अशिलाला सांगते.

पहिली जोडी पैशांची. १८३१चा विदर्स विरुद्ध रेनॉल्ड्स हा निकाल गवताच्या काडाचा आहे. पंधरवड्याला तीन गाड्या, गाडीला ३३ शिलिंग. घेणाऱ्याने काही दिवसांनी सांगितलं की मी यापुढे नेहमी एका गाडीचे पैसे मागे ठेवूनच देणार. पुरवणाऱ्याने माल बंद केला, आणि न्यायालय म्हणालं, बरोबर केलं. घेणारा एखाद्या वेळी उशीर करत नव्हता, करारात नसलेली पद्धत तो लादत होता. दुसरा निकाल १८८४चा, मर्सी स्टील कंपनीचा. पोलाद घेणाऱ्याने पैसे थांबवले, कारण पुरवणाऱ्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज आला होता आणि अशा वेळी न्यायालयाच्या परवानगीवाचून पैसे देता येत नाहीत असा त्याच्या वकिलाने सल्ला दिला होता. सल्ला चुकीचा होता. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की हा करार नाकारणं नव्हे. माणूस पैसे द्यायला तयार होता, चुकीच्या समजुतीने थांबला.

नियत मोजली जाते ती इथे. दोघांनीही पैसे थांबवले होते. एकाला करार जसा आहे तसा नको होता आणि दुसऱ्याला हवा होता.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. माल विक्री कायद्याच्या कलम ११प्रमाणे, करारातून वेगळं दिसत नसेल तर पैसे देण्याची मुदत हा कराराचा गाभा धरला जात नाही. म्हणून "४५ दिवसांत पैसे, पण ते नेहमी ७० दिवसांनी देतात" एवढ्यावर करार मोडायला जाऊ नका. आधी पत्राने मुदत बांधून द्या: अमुक तारखेपर्यंत मागची बिलं चुकती करा आणि यापुढे करारातल्या मुदतीत पैसे देणार असल्याचं लेखी कळवा. त्या पत्राचं उत्तर "आमच्या कंपनीत पैसे असेच मिळतात" असं आलं, तर तुमची फाईल काडवाल्याच्या फाईलशेजारी जाऊन बसली. असं उत्तर आलेली एक ईमेल शंभर स्मरणपत्रांना भारी असते.

दुसरी जोडी खराब मालाची, घेणाऱ्यांनी नीट वाचावी. १९३४चा मेपल फ्लॉक निकाल: फर्निचरमध्ये भरायच्या चिंध्यांच्या पिंजणीचा १०० टनांचा करार, दीड-दीड टनांच्या खेपा. सोळावी खेप दूषित निघाली. घेणाऱ्याने सगळा करार मोडला आणि हरला. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या: बिघडलेला माल एकूण कराराच्या मानाने किती, आणि पुन्हा तसं होण्याची शक्यता किती. याउलट १९३०च्या मन्रो विरुद्ध मायर या खटल्यात १५०० टन मांस-हाडांचं पीठ १२५-१२५ टनांच्या हप्त्यांनी यायचं होतं. निम्म्याच्या जवळपास माल येऊन गेल्यावर कळलं की त्यात कोकोची टरफलं मिसळली आहेत. तिथे घेणाऱ्याला उरलेला करार मोडता आला. तुमच्या पुरवठादाराच्या एका हीटमध्ये ब्लो होल (ओतताना वायू अडकून झालेल्या पोकळ्या) निघाले तर ती सोळावी खेप. तो ठरलेल्या ग्रेडऐवजी सतत हलका ग्रेड ओततोय आणि टेस्ट सर्टिफिकेट खोटं देतोय, तर ती टरफलं.

हीट कोड बोलतो

पुरावा कसा गोळा करायचा याचं एकच उदाहरण देते, पण नीट देते.

एका लहान फौंड्रीला बेअरिंग हाउसिंगच्या कास्टिंगवर दर तिमाहीला मोठी डेबिट नोट यायची. कारण प्रत्येक वेळी "मशिनिंगनंतर ब्लो होल". गिऱ्हाईक पुण्याकडचं, मोठं. मालक म्हणत, "काय करायचं मॅडम, ब्लो होल तर येतातच की." खरं आहे, येतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत, वरचा थर कापला की उघडे पडतात. म्हणून उशिरा आलेली तक्रार खोटीच, असं म्हणता येत नाही.

आम्ही फक्त यादी मागितली. प्रत्येक रिजेक्ट नगाचा हीट कोड द्या. तो कास्टिंगवर उठवलेलाच असतो, त्यामुळे नाही म्हणायला जागा नसते. दोन स्मरणपत्रांनंतर यादी आली. मालकाच्या धाकट्या भावाने मेल्टिंग रजिस्टर उघडलं. ऑफिसच्या टेबलावर डावीकडे त्यांची यादी, उजवीकडे रजिस्टर, मधे डिस्पॅचची चलनं, आणि हातात पट्टी घेऊन एकेक ओळ. यादीतल्या दोन हीटमध्ये त्या दिवशी बेअरिंग हाउसिंग ओतलेलंच नव्हतं. त्या हीट दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पंप केसिंगच्या होत्या. आणखी एका हीटचा माल ज्या चलनाने गेला, त्याचा जीआरएन रिजेक्शनच्या तारखेनंतरचा होता. गाडी पोचायच्या आधीच माल नापास झाला होता.

त्या मालकांना तोंडी बोलून हे कधीच सिद्ध करता आलं नसतं. तीन कागद शेजारी ठेवल्यावर कोणाला काही समजवावं लागलं नाही.

इथे एक खाचखळगा आहे. "माल परत आलाच नाही, म्हणजे वापरला" असं आपल्याला लगेच वाटतं. माल विक्री कायद्याचं कलम ४३ म्हणतं की वेगळं ठरलेलं नसेल तर नाकारलेला माल परत पाठवणं घेणाऱ्यावर बंधनकारक नाही. नाकारल्याचं कळवलं की पुरे. त्यामुळे माल आला नाही हा मुद्दा एकट्याने टिकत नाही. तुम्ही तो बघायला आणि उचलायला मागितला आणि त्यांनी दाखवला नाही, हा मुद्दा टिकतो. वरच्या मजकुरात "माणूस केव्हा पाठवावा" हे वाक्य त्यासाठीच आहे. ते गाळू नका.

क्रेडिट नोटचंही (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) बघा. जीएसटीच्या हिशेबात क्रेडिट नोट काढायची ती पुरवणाऱ्याने. गिऱ्हाईक डेबिट नोट पाठवतं आणि अकाउंटंटला फोन येतो, "तेवढी क्रेडिट नोट करा, रिटर्न भरायचं आहे." अकाउंटंट करून टाकतो. तुम्हीच काढलेल्या त्या कागदावर नंतर "रिजेक्शन मान्य नव्हतं" म्हणणं जड जातं. वाद असेल तर क्रेडिट नोट काढू नका, किंवा निदान हक्क राखल्याचं त्यावरच लिहा. वर्षअखेरीची बॅलन्स कन्फर्मेशन (बाकी इतकीच असल्याचा दुजोरा) तशीच. करार कायद्याच्या कलम ६३प्रमाणे कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली तर उरलेलं देणं संपतं. कायद्यातल्या उदाहरणात ५००० रुपयांचं कर्ज २००० रुपयांत पूर्ण फिटतं, आणि "फुल अँड फायनल"वर सही करताना अगदी तेच होतं.

व्हॉट्सॲपवरचे निरोप पुरावा म्हणून चालतात, पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. फोन बदलताना जुना फोन विकू नका. परचेस मॅनेजर नोकरी सोडून गेला की त्याचे निरोप तुमच्याच फोनमध्ये उरतात.

दोन नोटिसा, एक नव्हे

आता मोडायचंच ठरलं असेल तर आधी करारातलं टर्मिनेशनचं कलम काढा आणि पेन घेऊन वाचा. बहुतेक करारांत असतं: भंगाची लेखी सूचना द्या, सुधारायला ३० किंवा ६० दिवस द्या, तरी सुधारलं नाही तर रद्द करा. ही पायरी गाळलीत तर खरं कारण असूनही रद्द करणं चुकीचं ठरू शकतं.

पहिल्या नोटिशीत भंग कोणता, कोणत्या कलमाचा, तो सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच असावं. "सर्व थकबाकी द्या" असं नको. बिलांची यादी जोडा. जे मागताय ते मुदतीत करणं समोरच्याला शक्य असलं पाहिजे. अशक्य मुदत दिलीत की तुमचीच नियत संशयात येते.

मुदत संपली आणि काही झालं नाही, की दुसरी नोटीस. त्यात "करार संपुष्टात आणत आहोत" हे सरळ वाक्य, कधीपासून ते, कोणत्या कलमाखाली ते, आणि नुकसानभरपाईचा हक्क राखल्याची ओळ. करारातलं कलम आणि करार कायद्याचं कलम ३९ दोन्ही लिहा. योग्य कारणाने करार मोडणाऱ्याला भरपाई मिळते, हे कलम ७५ सांगतं. नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा नोंदणीकृत कार्यालयाला, पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. प्लँटमधल्या परचेसच्या साहेबाला दिली आणि मुख्य कार्यालयाला दिली नाही, असं करू नका.

दोन्ही नोटिसांच्या मधल्या काळात तुमचं स्वतःचं वागणं चोख हवं. शेड्यूलप्रमाणे माल तयार ठेवा, तयार असल्याचं कळवा, यार्डातल्या मालाचे फोटो तारखेसह घ्या. भट्टी बंद पडली, माणसं कमी होती, असं काही असेल तर तेही तेव्हाच कळवा. करार कायद्याच्या कलम ५१चा अर्थ हाच की दुसऱ्याकडून वचन मागणाऱ्याने स्वतःचं वचन पाळायला तयार असलं पाहिजे.

पिग आयर्नचा भाव चढला आणि जुना दर परवडत नाही, हे मात्र कारण म्हणून पुढे करू नका. १९६०मध्ये सैन्याला तूप पुरवण्याच्या व्यवहारातल्या अलोपी परशाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम महाग पडलं म्हणून करार सुटत नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागल्यावर वीज कंपन्यांनी केलेला युक्तिवाद २०१७च्या एनर्जी वॉचडॉग निकालात तसाच फेटाळला गेला. गिऱ्हाईक करारातलं दरसूत्र लावत नसेल, तर तो करारभंग, ते लिहा. सूत्रच नसेल तर पुढच्या करारात घाला.

विनाकारण मोडायची मुभा असेल तर

काही करारांत कोणालाही ६० किंवा ९० दिवसांची नोटीस देऊन कारण न सांगता बाहेर पडता येतं. तुम्हाला ही वाट असेल तर भांडणाची वाट धरूच नका. मुदतीची नोटीस द्या, त्या काळातला माल पूर्ण करा, मोकळे व्हा. थकबाकीचा दावा वेगळा चालू राहतो.

तीच वाट गिऱ्हाइकालाही असते, आणि तिथे लहान कारखाने मार खातात. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी वितरकी होती. सर्वोच्च न्यायालयाने वितरकी परत द्यायला नकार दिला आणि भरपाई त्या ३० दिवसांपुरतीच ठेवली. कॅनडात २०२०मध्ये वेगळं घडलं. ओटावातल्या कॅलो नावाच्या कंत्राटदाराचं बर्फ काढायचं काम दहा दिवसांच्या नोटिशीवर बंद करता येत होतं. घरमालकांच्या संस्थांनी ते वसंतातच ठरवलं होतं. पण उन्हाळाभर त्याला आशेवर ठेवलं, त्याने खूश करायला फुकट केलेलं बागेचं कामही घेतलं आणि सप्टेंबरमध्ये नोटीस दिली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली, कारण नोटिशीचा हक्क असला तरी तो वापरताना समोरच्याला जाणूनबुजून फसवायचं नाही.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. मला तो मनापासून पटतो, आणि आपल्याकडे तो कायदा होईपर्यंत करारातच तशी ओळ घालून घ्यावी असं माझं मत आहे: दुसरा सोर्स उभा करायचा ठरला की इतक्या दिवसांत लेखी कळवायचं, आणि त्यांच्या सांगण्यावरून घातलेल्या टूलिंगचा (पॅटर्न, कोअर बॉक्स वगैरे) न फिटलेला खर्च द्यायचा. मोठं गिऱ्हाईकसुद्धा टूलिंगची ओळ मान्य करतं. मागायला हवी.

पॅटर्न अडवून ठेवू नका

"पैसे देत नाही तोवर पॅटर्न देणार नाही" हे वाक्य शिरोलीत रोज ऐकू येतं. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असेल तर ते धोक्याचं आहे. करार कायद्याच्या कलम १७०खालचा अडवून ठेवायचा हक्क, ज्या वस्तूवर तुम्ही श्रम आणि कौशल्य लावलं त्या वस्तूपुरता असतो. तुम्ही श्रम लावले ते कास्टिंगवर. पॅटर्न नुसता वापरला. कलम १७१चा सर्वसाधारण हक्क बँका, वकील अशा मोजक्यांना आहे, बाकीच्यांना करारात लिहिलेलं असेल तरच. पॅटर्न अडवला की दुसऱ्या दिवशी विश्वासघाताची पोलीस तक्रार येते आणि तुमची चांगली केस बाजूला पडते.

जे अडवता येतं ते तुमच्या ताब्यातलं, पैसे न आलेलं तुमचं कास्टिंग. पॅटर्न, कोअर बॉक्स, गेज यांची यादी करा, फोटो काढा, दोघांच्या सह्यांनी द्या. न्यायला कोणी येत नसेल तर "घेऊन जा" असं लेखी कळवा.

पैसे वसूल करताना

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६चा एमएसएमईडी कायदा हे मोठं हत्यार आहे. १ एप्रिल २०२५पासून १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक असलेला उद्योग लघु धरला जातो, म्हणजे आपल्या भागातल्या बहुतेक फौंड्र्या त्यात येतात. करारात काहीही लिहिलेलं असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. आणि खोट्या रिजेक्शनवाल्यांसाठी सगळ्यात कामाची ओळ व्याख्यांमध्ये लपलीय: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. तीन महिन्यांनी आलेल्या डेबिट नोटने पैसे देण्याचं घड्याळ थांबत नाही.

अर्ज याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करायचा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि गिऱ्हाइकाला तो रद्द करून घ्यायला न्यायालयात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी करार करण्याआधीच करून ठेवा. कौन्सिलकडे न जाता व्यापारी न्यायालयात जायचं ठरलं, तर तीन लाखांवरच्या दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तेव्हा आधी मध्यस्थीची पायरी घ्यावीच लागते. ती सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितलंय. करारात लवादाचं कलम असेल तर त्याची मुदत आणि जागा आधी बघा.

मुदतीचं शेवटी सांगते, कारण ती शेवटीच आठवते. न्यायालयात जायला सर्वसाधारणपणे तीन वर्षं असतात, आणि प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं. करार कधी मोडला त्या तारखेपासून सगळी बिलं मोजू नका. त्या तीन वर्षांच्या आत गिऱ्हाइकाने सहीनिशी देणं कबूल केलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, म्हणून "तुमचे अमुक लाख बाकी आहेत, पुढच्या तिमाहीत बघू" अशी ईमेल आली की ती छापून फाईलमध्ये सगळ्यात वर लावा आणि तारखेभोवती गोल करा.